शिळा कागद

चैतराम, परवा तुझी तेरवी आहे. अनुसया वहिनी म्हणाल्या, "मुनशी, तुमी दोन शब्द बोला जी." मी म्हटलं, बोलणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, लिहून आणतो. लिहिणं हा तर माझा धंदाच. तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून अर्धं आयुष्य गेलं. अर्ज लिहिले, प्रतिज्ञापत्रं लिहिली, भावाभावांच्या वाटण्या लिहिल्या. 'मी खाली सही करणार' अशी सुरुवात करायची, आणि त्या कागदातला 'मी' कधीच मी नसायचो. आज स्वतःच्या नावानं लिहायला बसलो तर टाईपरायटरवर बोटंच चालेनात. शेवटी हातानं लिहितो आहे. अक्षर गचाळ आहे, पण तुला त्याचं काय!

बघ, पहिल्याच दमात तुझ्या डोळ्यांवरून विनोद केला. तू असतास तर खदाखदा हसला असतास आणि शेजारचा माणूस दचकला असता. तुझ्यासमोर लोक शब्द गिळायचे. 'यांना जरा दिसत नाही' असं चाचरत म्हणायचे. मग तू मुद्दाम मोठ्यानं म्हणायचास, "आंधळा म्हना जी! दिसत नाई मले, आयकू येते."

तू गेलास ते सकाळचं जेवण करून, ओसरीत, रेडिओ लावून. वहिनी सांगत होत्या, बातम्या संपल्या, शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, तरी तू रोजच्यासारखा आवाज वाढवला नाहीस. तेव्हाच त्यांना कळलं. मला निरोप आला तेव्हा मी कोणाचं तरी उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र टाईप करत होतो. ते पूर्ण केलं, वाचून दाखवलं, सही घेतली आणि मग सायकलच्या कॅरिअरला धरून रडलो. आधी वाचून दाखवलं, हे मुद्दाम सांगतो. तुला आवडलं असतं.

आपली पहिली भेट मला विसरता येत नाही, आणि विसरावी अशी फार इच्छा आहे. गोंदिया नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. भंडाऱ्याच्या खेपा वाचल्या म्हणून लोक खुश होते आणि जुने रखडलेले कागद एकदाचे करून टाकत होते. माझ्या टेबलापुढे जत्रा. त्या गर्दीत तू आलास, मोठ्या भावाच्या, मोतीलालच्या, खांद्यावर हात ठेवून. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्याखाली तुमची वडिलांपासूनची धानाची शेती. मोतीलालनं मला पानठेल्यापाशी नेऊन मजकूर सांगितला. दोघा भावांत तोंडी वाटणी मागेच झाली आहे, हा फक्त तिचा लेख. शेत सगळं मोतीलालचं. चैतरामला जन्मभर दोन वेळचं जेवण आणि ओसरीतली खोली.

तुला त्यानं सांगितलं होतं की अर्धं तुझं, कालव्याकडची धानाची मोठी बांधी तुझ्या नावानं होत आहे. हे मला माहीत नव्हतं. पण टेबलापासून सात पावलांवर तू उभा होतास आणि मी तुला विचारलं नाही. ते पाप माझं.

आता माझी त्या वेळची हुशारी ऐक. तुला ठाऊक आहे, पण परवा ऐकायला येणाऱ्यांना ठाऊक नाही. प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. 'वरील मजकूर वाचून दाखवला, तो मला समजला, बरोबर आहे, म्हणून राजीखुशीनं अंगठा केला.' रोज तेच टाईप करून कंटाळा यायचा. म्हणून मी काय करायचो, गिऱ्हाईक नसलं की शेवटचं पान आधीच टाईप करून ठेवायचो. दहा-वीस पानं खणात तयार. मजकुराची पानं आली की मागे एक जोडायचं. दस्त जन्माला यायच्या आधीच तो 'वाचून दाखवलेला' असायचा. आम्ही सगळेच अर्जनवीस असं करायचो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तू अंगठा देण्याआधी तीनही पानांवर बोटं फिरवलीस. थांबलास. म्हणालास, "मुनशी, हे दोन कागद नवे हायेत. हा तिसरा शिळा हाये गा."

"कागद काय भात आहे का शिळा व्हायला?" मी म्हटलं.

मोतीलाल हसला, साक्षीदार हसले, पानठेलेवाला हसला. तूही हसलास आणि अंगठा दिलास. मी घरी जाऊन बायकोला हा किस्सा सांगितला. जेवताना आम्ही दोघंही हसलो.

आणि हे कोणी करावं? आमच्या घरात अंगठा ही शिवी होती. आजोबांनी न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला आणि गावालगतचा आमचा एकुलता तुकडा गेला. म्हणून माझ्या बापानं लोकांच्या बांध्यांत चिखल तुडवून मला गोंदियाला टायपिंगच्या क्लासला घातलं. "आपल्या घरातला अंगठा यापुढं न वाचता लागला नाई पाह्यजे," एवढंच त्यांचं म्हणणं. मी तो शब्द पाळला. बाकीच्या घरांचं मी पाहिलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला तू कालव्याकडच्या बांधीत उतरलास तेव्हा मोतीलालनं मजुरांसमोर कागद काढला. 'तुहं इथं काई नाई,' म्हणाला. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. तू रेडिओला कान लावलास. तुझ्या त्या रेडिओवर कधीतरी सांगितलं होतं की अपंग माणसाला कोर्टात सरकार फुकट वकील देतं. गावात कोणाचा विश्वास बसेना. सरपंच म्हणाला, असं काही नसते. तू एकटा काठी घेऊन एसटीत बसलास, तालुक्याला उतरलास, विचारत विचारत कोर्टात गेलास आणि म्हणालास, "मले माहा वकील पाह्यजे." दानधर्म मागायला आल्यासारखं नाही. रेशन दुकानात आपला कोटा मागावा तसं. तुला वकील मिळाली. नुकतीच सनद घेतलेली मुलगी, तुझ्याइतकीच हट्टी. आपण तिला पुढे वकीलबाईच म्हणत आलो.

तिनं दावा लावला. वाटणीचा लेख चैतरामला वाचून न दाखवता, खोटं सांगून करून घेतला, तो रद्द करा, अर्धा हिस्सा द्या. आता सगळा खेळ एका प्रश्नावर आला. वाचून दाखवलं की नाही? आणि ते सांगणारा माणूस एकच, मी.

मोतीलालच्या बाजूनं मला समन्स आलं. तो म्हणाला, "घाबराचं काम नाई मुनशी. तुमचं रोजचंच वाक्य सांगाचं." शेजारच्या टेबलावरचे म्हातारे अर्जनवीस त्याहून स्पष्ट बोलले. "तू नाही म्हणालास तर आमचे सगळ्यांचे कागद खोटे ठरतील. परवाना जाईल तो वेगळा. पोरीबाळी आहेत ना घरी?" होत्या. दोन.

तारखेच्या आधीच्या बाजाराला तू माझ्या टेबलापाशी आलास. काठीचा आवाज ओळखून मी मान खाली घातली. तुझ्यापुढे मान खाली घालून काय उपयोग, पण घातली.

"बसू का गा?"

"बस."

"तुहे कागद कुठी राह्यतेत?"

मी खण उघडला. का उघडला, अजून सांगता येत नाही. तू आत हात घातलास. वरचा गठ्ठा कोरा, कडक. त्याच्या खाली माझी ती तयार पानं, पावसाळा पिऊन फुगलेली. कोठीत भरण्याआधी धान वाळलं का ते बघतात ना, तसं तू एक पान अंगठा आणि बोटात धरून चोळलंस.

"हा," म्हणालास. बस, एवढंच.

मी म्हटलं, चहा घेतोस? तू म्हणालास, घेतो न. चहा प्यालास, कालव्याला पाणी कधी सुटते ते विचारलंस, आणि उठता उठता म्हणालास, "मी तं सांगीन कोर्टात. तू काय सांगशील, ते तुहं तू पाहा."

काय राग आला होता तुझा, चैतराम! अरे, शिव्या दे, पाया पड, वकीलबाईचा धाक घाल, काहीतरी कर. म्हणजे मलाही रागावून खोटं बोलायला बरं पडलं असतं. तू चहा पिऊन निघून गेलास. त्या संध्याकाळी मी ती सगळी पानं चुलीत घालायला काढली होती. घातली नाहीत. शूर होतो म्हणून नाही बरं. पानं जळाली असती तरी तुझ्या बोटांना माहीतच होतं.

आधी तुझी साक्ष झाली. मोतीलालचा वकील गोंदियाचा, अर्धा हिंदी, अर्धा मराठी, तोंडात सुपारी. "देखो भाऊ, तुम्हाला दिसत नाही. मग कागद ताजा की बासी, कसं काय समजलं?" कोर्टात हशा. मी मागच्या बाकावर होतो. माझंच वाक्य मला परत ऐकू येत होतं.

तू म्हणालास, "वकीलसाहेब, धान ओलं हाये का वाळलं, हे तुमी डोळ्यानं पाहता का? हात घालाच लागते."

"आणि शेती कशी करणार तुम्ही? न बघता?"

"जशी बाप जिवंत होता तवा करत होतो तशी. तुमाले तं डोळे हायेत, तुमी एकतरी रोवना केला का?"

या वेळी हशा तुझ्या बाजूचा होता. न्यायाधीशांनी सगळ्यांना गप्प केलं. मग त्यांनी शिपायाला सांगितलं, दस्त त्यांच्या हातात द्या. तू तीन पानं चाचपलीस. पहिलं सोडलंस, दुसरं सोडलंस, तिसरं धरलंस. "हा," म्हणालास. माझ्या खणापाशी म्हणाला होतास तसाच. न्यायाधीशांनी ते पान उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या तारखेला मी पिंजऱ्यात. शपथ घेतली. दस्त तुम्हीच लिहिला? हो. सही तुमचीच? हो. मजकूर अंगठा देणाऱ्याला वाचून दाखवला? ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं. इतक्या वेळा टाईप केलेलं वाक्य की झोपेतसुद्धा तोंडातून निघालं असतं. तू समोर बसला होतास. तोंड भिंतीकडे, कान माझ्याकडे.

"नाही," मी म्हणालो.

"नीट आठवा. तुम्ही शपथेवर आहात."

"म्हणूनच सांगतो साहेब. नाही. शेवटचं पान आधीच टाईप करून ठेवलेलं होतं. माझ्या खणात होतं. पावसाळ्याच्या आधीपासून."

मोतीलालच्या वकिलानं सुपारी गिळली आणि मला फितूर ठरवा म्हणून अर्ज दिला. मी, फितूर! जन्मभर जो जे सांगेल ते निमूट लिहिणारा माणूस. पण मजा सांगू का, पिंजऱ्यातून उतरताना पाय हलके वाटत होते. आधीचे दोन महिने जेवण जात नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर तू थांबला होतास. मला वाटलं, गळ्यात पडशील. तू म्हणालास, "एवढा उशीर काऊन लावला गा? मले वाटलं, तुही जीभच अटकली." मग आपण आलूबोंडा खाल्ला.

निकाल तुझ्या बाजूनं लागला. लेख रद्द, अर्धा हिस्सा, कालव्याकडची बांधी तुझी. मोतीलालनं गोंदियाला अपील केलं, तिथंही हरला. वकीलबाईंनी निकाल तुला आवारातच शब्द न् शब्द वाचून दाखवला. तू म्हणालास, आणखी एकदा. त्यांनी वाचला. मग तू काठीनं माझी पोटरी टोचलीस, "आता तू वाच." मी वाचला. लोक बघत होते. बघू दे म्हटलं.

माझं काय झालं? काही दिवस टेबलाकडे चिटपाखरू फिरकलं नाही. म्हाताऱ्यांनी बोलणं सोडलं. परवान्याची नोटीस आली, लेखी समज मिळाली, परवाना वाचला. मग एक बाई आली, दुसरी आली. "वाचून दाखवते तो मुनशी कोन गा?" रांग लागली म्हणणार होतो, पण तुझ्यापुढे फेकाफेक नको. चार जण होते. पण चारही जण तूच पाठवलेले होते, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे तर दर बाजाराला तू माझ्या टेबलाशी खुर्ची टाकून बसू लागलास. कोणी काठी टेकत येई, कोणी तीनचाकीवर, कोणी आई मुक्या पोरीला घेऊन येई. तू त्यांना प्रमाणपत्र कुठं, पास कुठं, वकील कुठं ते सांगायचास. कोणी नशिबाला बोल लावू लागलं की म्हणायचास, "आधी कायदा आयक, मंग रड. मंग वाटलं तं मीबी रडतो तुह्यासंगं." बहुतेक जण रडायचं विसरून जायचे.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. अंगठा की सही? दावा जिंकल्यावर तू सही शिकायला बसलास. वहिनींनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ब्लेडनं त्यात लांबट खिडकी कापली. ती कागदावर ठेवायची आणि खिडकीच्या आत पेन चालवायचं, म्हणजे ओळ सुटत नाही. महिनाभरात तू 'चैतराम' लिहू लागलास. कधी 'च' म्हणजे खिडकीबाहेर पळालेलं वासरू, कधी 'म' चेपलेला. मी म्हणायचो, तुझी सही दर वेळी वेगळी येते, उद्या कोणी हरकत घेतली तर? अंगठा कोणी नाकारत नाही. अंगठाच दे.

"तुहा बाप तुले अंगठ्यातून काढाले राबला," तू म्हणालास, "अन् तू मले अंगठ्यातच ठेवून राहिला. कायले?"

मी ओरडलो. कायदा मला शिकवू नको म्हणालो. तू म्हणालास, "हरकत घेतली कोनी, तं तू हायेस न साक्ष द्याले."

दिवाळीनंतरच्या बाजाराला एसटीच्या सवलतीचा तुझा अर्ज मी लिहिला, वाचून दाखवला आणि सवयीनं शाईचा पॅड तुझ्यापुढे सरकवला. तू हात मागे घेतलास. "पुट्ठा घरी राह्यला. पुढच्या बाजाराले घेऊन येतो," म्हणालास. अर्ज अजून माझ्या खणात आहे, सहीची जागा कोरी. पुढचा बाजार यायच्या आधीच तू गेलास, तरी त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत टेबल आवरलं नव्हतं.

काल वहिनी आल्या होत्या, तुझी बायको म्हणून वारस नोंदीचा अर्ज करायला. सोबत मोतीलाल. आता तोही थकला. तिरडीला पहिला खांदा त्यानंच दिला होता. मी अर्ज लिहिला. वहिनींपुढे पेन ठेवणार तोच मोतीलाल म्हणाला, "मुनशी, आधी वाचून दाखव. पुरा. चैतराम राह्यता तं त्यानं सोडलं नसतं." मी वाचला. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. मोतीलाल उभ्यानंच ऐकत होता, गमछा तोंडाला लावून. चैतराम, हा दावा तू कोर्टाबाहेर जिंकलास, आणि त्याचा निकाल मला वाचायला मिळाला.

एक गोष्ट राहिली आहे. मी कोर्टात कबूल केलं, न्यायाधीशांपुढे, शपथेवर, टिपणासकट. तुझ्यापुढे कधी केलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसलो, हजार चहा प्यालो, दर वेळी वाटायचं की आज म्हणावं, आणि तू नेमका काहीतरी हसण्याजोगं बोलायचास. तर आता म्हणतो. चैतराम, मी तुला फसवलं. मोतीलालनं एकदा फसवलं, मी त्याला कागद पुरवला, आणि वर हसलोसुद्धा. माझं चुकलं. मला माफ कर.

हे सगळं मी तुझ्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर बसून लिहिलं आहे. धान निघालं आहे, त्यामागचं लाखोळीचं पीक वीतभर वाढलं आहे, कालव्याचा आवाज येतो आहे. परवा मंडपात लोकांपुढे वाचीन, पण आधी तुला. आत्ताच पहिल्या शब्दापासून इथपर्यंत मोठ्यानं वाचून झालं. दोन बाया गवत कापता कापता थांबून बघत होत्या, मुनशी येडा झाला म्हणाल्या असतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, कालच आणलेल्या कोऱ्या कागदावर लिहिला आणि तुझ्या शेतात बसून तुला वाचून दाखवला. काही कमी-जास्त असेल तर सांग, खोडून दुरुस्त करतो. खाली तुझी जागा सोडली आहे. वहिनींकडून पुठ्ठा मागून आणला आहे, तो कागदावर ठेवला आहे, खिडकी बरोबर ओळीवर आहे. शाईचा पॅड आणलेला नाही.